मुरारच्या चर्चमधली तिसरी पुकार

ग्वाल्हेरला लोक किल्ला बघायला जातात. मी तिथल्या एका चर्चमध्ये उभं राहून हरकत घ्यायला गेलो होतो. आमच्या नाशिकच्या चर्चच्या अंकाच्या संपादकांना मात्र ‘मुरारच्या जुन्या चर्चचा इतिहास लिहून आणतो’ असं सांगून गेलो, आणि आता ते लेख मागतायत. तेव्हा घ्या. इतिहास थोडा कमी पडेल, बाकीचं जास्त होईल.

हा अंक बाहेरचे लोकही वाचतात, म्हणून आमची रीत आधी सांगतो. इंग्लंडच्या वळणावर गेलेल्या आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की तीन रविवार वधूवरांची नावं उपासनेत मोठ्याने वाचतात. मुलगी एका गावची आणि मुलगा दुसऱ्या गावचा असला तर दोन्हीकडच्या चर्चमध्ये वाचतात. याला आम्ही पुकार म्हणतो. नावं वाचली की पाळक विचारतात, या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल तर आत्ता सांगावी. मग ते जरा थांबतात. कोणी उठत नाही. आमच्या उभ्या हयातीत कोणी उठलेलं नाही. त्या वेळी लोक खोकतातसुद्धा जपून.

जानेवारीतल्या एका रविवारी मी नेहमीच्या बाकावर बसलो होतो. खरं सांगायचं तर मनात दुपारच्या मटणाचा विचार चालला होता. आमच्या रेव्हरंडांनी पुकार वाचायला घेतली. वधू, एस्तेर मकासरे. वर, ग्वाल्हेरच्या मुरार छावणीतल्या चर्चचा सभासद, अविनाश, विधुर.

एस्तेर मकासरे ही माझी मुलगी. ग्वाल्हेरच्या एका इस्पितळात नर्स आहे. तिचं लग्न ठरलंय हे मला त्या बाकावर, मंडळीबरोबर, मंडळीइतकंच कळलं.

झालं होतं ते असं. मुरारच्या पाद्रींनी आमच्या रेव्हरंडांना फोन करून नावं कळवली. आमचे रेव्हरंड भला माणूस. बापाला माहीत नसेल ही शंकाच त्यांच्या डोक्यात आली नाही. वाचून टाकली. ‘कोणाची हरकत?’ म्हणून विचारलं, रीतीप्रमाणे थांबले, आणि मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिलो. पुढचं गीत सुरू झालं. बाहेर आल्यावर लोकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. एकाने पेढे मागितले. मी हसलो. माझी सगळी नोकरी एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, गाड्या पुकारण्यात जन्म गेला, पण माझीच गाडी कोणी मला न विचारता सोडली असं कधी झालं नव्हतं. घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती.

एस्तेरचे फोन आले. उचलले नाहीत. दुसऱ्या रविवारी चर्चला गेलो नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. शेवटी बायकोच म्हणाली, “जा एकदाचे. तुमच्या फेऱ्यांनी फरश्या झिजल्या. पण तिथे तोंड उघडायच्या आधी जेवून घ्या. उपाशीपोटी तुम्ही माणसात नसता.” तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. काही प्रश्न घरात शांतता राहावी म्हणून शिल्लक ठेवावेत.

लष्कर, गुरुवार

गाडी धुक्यामुळे उशिरा पोचली, एवढंच प्रवासाबद्दल. नाशिकला आम्ही ज्याला थंडी म्हणतो ती ग्वाल्हेरच्या माणसाने पंखा लावून काढली असती. मी एका स्वेटरवर गेलो होतो. स्टेशनाबाहेर सगळे पुरुष डोक्याला मफलर गुंडाळून होते, नुसते डोळे दिसत होते.

एस्तेर ड्यूटीवर होती. तिचा निरोप आला होता, ‘माधवगंजला सुलभाताईंकडे या, तिथेच जेवायचं.’ सुलभाताई म्हणजे तिच्या घरमालकीणबाई, वरच्या खोलीत एस्तेर भाड्याने राहते. मी मुद्दाम गेलो नाही. नया बाजारातल्या एका लॉजवर उतरलो आणि बाहेर येऊन टपरीवर बेडई खाल्ली. बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली खमंग पुरी, बरोबर बटाट्याची झणझणीत भाजी, आणि शेवटी जिलबी. सकाळीच जिलबी! आमच्याकडे जिलबी पंधरा ऑगस्टला. इथे ती चहासारखी रोजची.

पोट भरल्यावर राग जरा बसला, त्यामुळे माझाच मला राग आला आणि मी चालत सुटलो. लष्कर हा ग्वाल्हेरचा मोठा भाग. शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि तळाचंच शहर झालं. माधवगंजच्या गल्लीत शिरलो आणि दारावरच्या पाट्या वाचत गेलो. मराठी आडनावांमागून मराठी आडनावं. एका दारात दोन म्हाताऱ्या उन्हात बसून मटार सोलत होत्या. एक म्हणाली, “अगं, कालची भाजी इतकी बढिया झाली होती, पण ह्यांना पसंतच नाही आली.” ती मराठी ऐकून मला हसू आलं आणि बरंही वाटलं. त्यांनाच सुलभाताईंचं घर विचारलं.

सुलभाताईंनी दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या, अंगावर शाल, पायात लोकरीचे मोजे.

“नाशिकवाले ना? या. लॉजवर उतरलात, कळलं. मर्जी तुमची. जेवून आलात?”

“खाल्लंय.”

“बेडई ना? ते जेवण नव्हे. बसा.”

त्यांनी साखर घातलेली आमटी, मेथीची भाजी आणि भात वाढला. दुसऱ्या खोलीत एक मुलगी जमिनीवर आडवी होऊन गृहपाठ करत होती. ती त्यांची नात रिया. आणि मग बाईंनी, वाढता वाढता, काही आडपडदा न ठेवता सांगितलं की अविनाश त्यांचा जावई. मुलगी आजारात गेली. जावई आणि नात तेव्हापासून इथेच, याच घरात राहतात.

म्हणजे माझ्या मुलीचं सासर तिच्या सवतीचं माहेर होतं. माझा घास तोंडातच फिरला.

“तुम्ही मूळच्या कुठल्या?” मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“नगरकडच्या. माझे पणजोबा इथे शिंदे सरकारच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायला आले. तेव्हा मुरारला गोऱ्यांची छावणी, तिथे गोऱ्यांचं चर्च. आमच्या लोकांना मागच्या बाकावर जागा. मग गोऱ्यांनी झाशी ठेवून घेतली, किल्ला आणि मुरार सरकारला वापस केले, आणि फौज उठून चालली गेली. चर्च काही उठून जाऊ शकत नव्हतं.” त्यांनी आमटीचं भांडं पुढे केलं. “तेव्हा आमचे लोक मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आले. बस, हाच इतिहास. तुम्ही इतिहास लिहायला आलात ना?”

“हो,” मी म्हणालो.

“झूठ,” त्या म्हणाल्या, आणि अजून भात वाढला.

संध्याकाळी एस्तेर आली. युनिफॉर्मवर काळं जाकीट, डोळ्यांखाली जागरण. “आलात,” म्हणाली. “आलो,” मी म्हणालो. “लॉजवर गरम पाणी आहे ना?” “आहे.” लॉजवर गरम पाणी नव्हतं.

मुरार, शुक्रवार

टेम्पोने मुरारला गेलो. छावणीचे रस्ते सरळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंब. चर्च लांबून दिसतच नाही, झाडांमागे आहे. पिवळसर दगडाचं, उंच निमुळत्या खिडक्यांचं, एका बाजूला आखूड मनोरा. मनोरा आणखी उंच व्हायचा होता म्हणे, पण बांधणाऱ्यांची बदली झाली.

दारात मी सवयीने बूट काढले. आमच्याकडे पुष्कळजण अजून पादत्राणं बाहेरच ठेवतात, देवाच्या घरात कसली चप्पल. आत पाद्री साहेब वेदीवरची चादर बदलत होते. साठीकडे झुकलेले, कानटोपीतले, बोलायला मृदू. त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं. “अरे भाईसाहब, यहाँ तो जूते पहनकर आते हैं. फर्श बर्फ है.” फरशी खरंच बर्फ होती. पण आता परत जाऊन घालणं माझ्याने होईना.

त्यांनी चर्च दाखवलं. सागवानी बाकांच्या पाठींवर ठरावीक अंतरावर अर्धगोल खाचा आहेत. सत्तावन्नच्या बंडात इथलीच देशी पलटण उठली होती. त्यानंतर गोरे शिपाई उपासनेलाही बंदुका घेऊन यायला लागले, आणि बंदूक टेकवून ठेवायला या खाचा केल्या. म्हणजे गुडघे टेकून क्षमेची प्रार्थना म्हणायची आणि हात बंदुकीपासून वीतभर. आता एका खाचेत कोणाची तरी छत्री विसरलेली होती.

भिंतीत वर लहान भोकं आहेत. पंख्याच्या दोऱ्या त्यातून बाहेर जायच्या. पंखा ओढणारा बाहेर उन्हात बसायचा, वारा आत जायचा. त्याला आत यायची मुभा नव्हती. मी पाद्रींना विचारलं, त्या पंखेवाल्यांपैकी कोणाचे वंशज आज मंडळीत आहेत का? ते म्हणाले, असतील, पण तसं सांगत कोणी नाही. सगळे सांगतात बँडवाल्यांचे.

पाट्या पुष्कळ. बहुतेक तापाने आणि पटकीने गेलेल्या पोरसवदा शिपायांच्या. एका पाटीवर लिहिलं होतं की ती इंग्लंडमधल्या आईबापांनी लावून घेतली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. त्या बापाने हे गाव कधी पाहिलं नसणार. बातमी बोटीने जाऊन त्याच्या हातात पडेपर्यंत इथे थडग्यावर गवत वाढलं असेल. मला उगाच गलबलून आलं, आणि असल्या ठिकाणी मला गलबलून येतं याचा वैताग आला.

“पाद्री साहेब,” मी हिंदीत म्हणालो, जमेल तशी, “परवा तिसरी पुकार. मी उठणार आहे.”

त्यांच्या हातातली चादर खाली आली. “उठेंगे? मतलब… आपत्ति?” हिंदीत हरकतीला आपत्ति म्हणतात. ते बाकावर बसले. “आजतक कोई उठा नहीं. मुझे तो देखना पड़ेगा कि उसके बाद करना क्या होता है.” मग विचारलं, “वजह क्या बताएँगे?”

मी मनात कारणं चाळली. तो माझ्या मुलीहून बारा वर्षांनी मोठा, हे कारण होत नाही. पदरात मूल आहे, हेही नाही. आधीची बायको हयात असती, जवळचं नातं असतं, फसवणूक असती, तर कारण होतं. मला कोणी विचारलं नाही, हे कारण प्रार्थनापुस्तकात कुठेच नाही.

“वजह है,” मी म्हणालो आणि तरातरा बाहेर आलो. दारात माझा एकच बूट होता. दुसरा तोंडात धरून एक पिवळं कुत्रं कडुनिंबाखालून चाललं होतं. मी ओरडलो तसं ते पळालं. मीही एका बुटावर पळालो. बाप म्हणून रुबाबात हरकत घ्यायला आलेला माणूस छावणीच्या रस्त्यावर कुत्र्यामागे लंगडी घालत होता, आणि पाद्री साहेब दारातून “छोड़ दीजिए, छोड़ दीजिए” म्हणत होते.

त्यांनीच अविनाशला फोन केला. मला नको होतं, पण एका बुटाच्या माणसाला मत नसतं. तो स्कूटर घेऊन आला. उंच, केस कानाशी पिकलेले, एस्तेरच्याच इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत काम करतो. नमस्कार करून म्हणाला, “काका, बसा. नया बाजारला जाऊ. तुमचा नंबर कितीचा?”

“आठ.”

“इथले आठ टाइट येतात. नऊ घालून बघा.”

दुकानात तो माझ्याशी गोड बोलेल, बूट स्वतः घेऊन देतो म्हणेल, याची मी वाट बघत होतो. म्हणजे झटकून टाकायला बरं. त्याने तसं काहीच केलं नाही. स्टुलावर बसून राहिला. मी पैसे दिले, तो “चाला एकदा” म्हणाला, मी दुकानात चाललो, आणि नऊ नंबर बरोबर बसला.

बाहेर चहा पिताना तोच बोलला. “पाद्री साहेबांनी फोनवर सांगितलं, तुम्ही खडे होणार. मम्मींनाही कळलंय.” मम्मी म्हणजे सुलभाताई. “मी थांबवणार नाही, काका. मी काही दुसरं लग्न शोधत नव्हतो. रियाला बुखार आला की एस्तेर वरून खाली यायची. मग बुखार नसला तरी यायला लागली. बस, ऐसे ही.” त्याने मातीचा कुल्हड फेकला. “मला रियाच्या लग्नाची पुकार अशी ऐकू आली असती ना, तर मी चर्चची खिडकी फोडली असती.”

इतक्या दिवसांत माझा राग बरोबर कळलेला हा पहिला माणूस, आणि राग त्याच्यामुळेच. आता काय करावं? मी आणखी एक चहा मागवला.

किल्ला, शनिवार

एस्तेरला सुट्टी होती. ती म्हणाली, किल्ला न बघता गेलात तर आई मला बोलेल. चढ चढलो. निळ्या फरशांच्या भिंती, त्यावर पिवळी बदकं ओळीने चाललेली. दुसऱ्या वेळी मी त्या बदकांपाशी तासभर रेंगाळलो असतो. त्या दिवशी पाय थांबत नव्हते. एस्तेर मागून “पप्पा, हळू” म्हणत होती आणि मी आणखी जोरात चालत होतो.

कठड्यापाशी तिने मला गाठलं. खाली धुक्यात शहर होतं. “ते लष्कर. आणि तिकडे, झाडी दिसतेय ना, ते मुरार.” एका बाजूला मराठ्यांच्या फौजेचा तळ, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांच्या. दोन्ही फौजा गेल्या. तळावर राहिले ते बँडवाले, भटजी, कारकून, नर्सा.

“फोन का नाही उचललात?” ती म्हणाली.

“राग आला होता.”

“मलाही आला होता. अजून आहे. मी सांगणारच होते पप्पा. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून, समोर बसून. तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे स्टँडावरच्या भोंग्याशी बोलणं. तिकडून आवाज येतो, इकडचा जात नाही.”

“आणि मी नाही म्हणालो असतो तर?”

“तर थांबले असते. तुम्ही हो म्हणेपर्यंत.” ती खाली बघत होती. “अविनाशलाही तसंच सांगितलं होतं. तुमचं हो मला पाहिजे होतं. आता ते कोण विचारतंय? पुकार होऊन गेली. तुम्ही गप्प बसलात, चर्चने ते हो धरलं. तसलं हो मी काय करू?”

 माझं दुःख मी नाशिकहून इथवर आणलं होतं, एकट्याचं म्हणून. तिचंही काही गेलं होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला गजक घेऊन दिली. तीळगुळाची ही पातळ कुरकुरीत वडी इथे हिवाळ्यात ढिगाने मिळते. तिने अर्धी मोडून मला दिली. आम्ही ती खाल्ली आणि खाली उतरलो.

“पण मग पाद्रींना घाई कोणी केली?” मी पायथ्याशी विचारलं.

“मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, घरून सांगितलं.”

घर म्हणजे कोणतं, ते मला कळलं. मी तडक माधवगंजला गेलो. सुलभाताई अंगणात लोणच्याच्या बरण्या उन्हाला लावत होत्या.

“पुकार तुम्ही लावलीत.”

“हो, मीच.” त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. “पाद्रीला मी बोलले, नाशिकला फोन लावा, मुलीकडच्यांना सब मालूम है.”

“खोटं बोललात. चर्चमध्ये!”

“चर्चमध्ये नाही, फोनवर.” मग त्या खाटेवर टेकल्या. “बघा मकासरेसाहेब, तुम्ही नाही म्हणाल याचं मला डर होतं. तुमची मुलगी थांबली असती. अविनाश किती थांबणार? मी म्हातारी. उद्या त्याला दुसरी कोणी मिळाली असती, बाहेरची, तर ती माझ्या रियाला घेऊन चालली गेली असती. ती माझ्या मुलीची मुलगी आहे. एस्तेर याच घरात राहील. मी स्वार्थी आहे. सून नाही, मला लेक पाहिजे होती, आणि ती तुमची होती. मी उचलली.”

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. त्या ऐकत राहिल्या. माझी वाफ गेल्यावर म्हणाल्या, “उद्या खडे व्हा. सांगा सगळ्यांना, या बाईने असं केलं. मी पुढच्या बाकावरच असते.”

मी लॉजवर गेलो. झोप लागली नाही. उठून कपडे घातले, पुन्हा काढले. हरकत घ्यावी तर ती या बाईवर घ्यायची, आणि मोडणार ते मुलीचं. न घ्यावी तर पुन्हा गप्प बसायचं, आणि चर्च पुन्हा त्याला हो म्हणणार.

मुरार, रविवार

चर्च भरलं होतं. इथे बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला असं नाही, घरं घरं एकत्र बसतात. कोणाचं नसलेलं माणूस त्यामुळे लगेच दिसतं. मी भिंतीकडच्या बाकावर एकटा होतो, पायात नवे बूट. पुढच्या बाकावर सुलभाताई, रिया, अविनाश आणि एस्तेर. रियाने पाण्याची बाटली बंदुकीच्या खाचेत ठेवली होती. ती मागे वळून माझ्याकडे टक लावून बघत होती. सगळेच चोरून बघत होते. पाद्री साहेबांनी कोणाकोणाला सल्ला विचारला होता कोण जाणे.

पेटी आणि ढोलक, हिंदी भजनं, मध्ये एखादं जुनं गीत इंग्रजी चालीवर. उत्तरेकडच्या निरनिराळ्या मंडळ्या एकत्र झाल्या तेव्हा या चर्चवरची पाटी बदलली, भाषा त्याच्याही आधी बदलली, पण पुकार टिकली. पाद्री साहेबांनी घसा साफ केला. दोघांची नावं वाचली. ही तिसरी आणि शेवटची वेळ, असं सांगितलं. कोणाला रास्त हरकत असेल तर आत्ता सांगावी. आणि ते थांबले.

मी उठलो.

बाक करकरला. एस्तेर अर्धी उठली आणि तशीच राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सुलभाताईंनी मान ताठ ठेवली, वळल्या नाहीत. स्टँडावर हजार माणसांसमोर माझा आवाज कधी कापला नाही. इथे कापला.

“मी वधूचा बाप,” मी मराठीतच म्हणालो, हिंदी सुचेना. “नाशिकला हेच नाव वाचलं तेव्हा मी गप्प बसलो. ते हो नव्हतं. मला बोलताच आलं नाही. तुम्ही फक्त हरकत विचारता. कोणी राजी आहे का, हे विचारतच नाही. म्हणून न विचारता सांगतो. मला हे लग्न मान्य आहे. माझं हो आहे. माझ्या तोंडचं.”

कोणाला काही कळलं नाही. एक म्हातारे फौजी गृहस्थ “क्या कहा? क्या कहा?” करू लागले. तेव्हा सुलभाताई उठल्या, मंडळीकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “कह रहे हैं, राज़ी हैं.” मग मला मराठीत, सगळ्यांदेखत, “आणि मला माफी पाहिजे, ती नंतर मागते.”

पाद्री साहेब घामाघूम झाले होते, त्या थंडीत. “इसका तो कोई प्रावधान नहीं है,” म्हणाले. पुस्तक उघडलं, मिटलं. मग ठरवलं की पुकारीत खंड पडला, तेव्हा ती नियमाप्रमाणे पुन्हा वाचायला हवी. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली. मी बसलो. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, दोघांची नावं, दोघांची गावं.

तेवढ्यात एस्तेर आपल्या बाकावरून उठली, मधली वाट ओलांडून आली आणि माझ्या शेजारी बसली.  पाद्री साहेब हरकतीच्या प्रश्नाशी आले तसा तिने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला बाकावर घट्ट दाबून धरलं. म्हातारा पुन्हा उठेल याची तिला धास्ती. मी उठणार नव्हतो, पण तसं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने हात काढून घेतला असता.